गुडघाभर पाण्यासाठी सातशे किलोमीटर

पैठणहून समुद्र सरळ रेषेतही सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. तरीही खाड्या, मिठागरं आणि खाऱ्या दलदलीत रमणारे रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, इथल्या जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयावर उतरतात. त्यांच्या भटकंतीचे आकडे मांडू लागलं की मती गुंग होते.

त्यांचं मोठं माहेर कच्छच्या रणात. पाऊस मनासारखा झाला तरच तिथे वीण साधते. १९४५ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली तिथे पोचले, तेव्हा त्यांचा अंदाज होता पाच लाख पक्ष्यांचा. वापरातली घरटीच लाखाहून अधिक! घरटं म्हणजे चिखलाचा वीतभर उंचवटा, त्यावर अंडं एकच. पिल्लं उडती झाली आणि रण आटू लागलं की एवढ्या तोंडांना एका जागी खाणं पुरणार कसं? थवे पांगतात. रणापासून पैठण सातशे किलोमीटरच्या घरात. ताशी पन्नास-साठ किलोमीटरचा वेग धरला तर बारा-चौदा तासांचं उड्डाण, तेही बहुधा रात्री.

१९७६ मध्ये जायकवाडीचं लोकार्पण झालं. त्याआधी इथे गोदाकाठची शेतं आणि गावं होती. आज भरलेला नाथसागर सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो. त्यात २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे १०२ टीएमसी पाणी मावतं. भागाकार केला तर सरासरी खोली निघते जेमतेम सव्वाआठ मीटर. परातीसारख्या या जलाशयात पाणी थोडं उतरलं तरी फुगवट्याच्या कडेने उथळ, चिखलट पट्टे तयार होतात.

रोहिताला नेमकं तेच हवं असतं. पाय नाचवून तो गाळ ढवळतो, मान वाकवून चोच उलटी बुडवतो. जीभ सेकंदाला चार-पाच वेळा मागेपुढे होते आणि चोचीतल्या गाळणीत बारीक जीव अडकतात. चारच वेळा धरा: तासाला १४,४०० वेळा पाणी गाळलं जातं. हजारांच्या थव्याचा हिशेब जातो दीड कोटीच्या जवळ. त्या गुलाबी गर्दीत मळकट राखाडी पाखरं दिसली, तर ती अलीकडच्या विणीतली.

१९८६ पासून नाथसागर पक्षी अभयारण्य आहे. पण अशा भटक्या पक्ष्यांचं घर एका तळ्यात मावत नाही. एक पाणी आटलं की दुसरं तयार असावं लागतं. म्हणून धरणाचा साठा टीएमसीत मोजताना काठच्या गुडघाभर पाण्याचाही हिशेब ठेवायला हवा, आणि त्यातला काही पट्टा पाखरांसाठी निवांत राखायला हवा.