डहाणूच्या मातीतली अद्भुतकथा: दैवत आणि वेश कसे घडवावेत

वेबकॉमिक म्हणजे मोबाइलवर बोटाने सरकवत वाचायची चित्रकथा. डहाणू-तलासरीच्या मातीत अद्भुताची अशी गोष्ट रचायची असेल, तर आपण सुरुवात वेशापासून करू नये. आधी अट ठरवावी.

अट म्हणजे माणूस आणि अदृश्य शक्ती यांच्यातला करार. वारली लोकांचा वाघोबा बघा. गावाच्या कडेला, रानाच्या तोंडाशी शेंदूर फासलेला दगड किंवा लाकडी फळी, तिच्यावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले. दिवाळीच्या सुमारास वाघबारशीला गावाने त्याला मान द्यायचा आणि त्याने माणसांना, गुरांना सांभाळायचं. एखाद्या वर्षी मान राहून गेला तर? कथेला इथूनच तोंड फुटतं. शक्ती किती मोठी, यापेक्षा ती कशाने बांधलेली आहे हे वाचकाच्या लक्षात राहतं.

बरेच जण चुकतात ते यापुढे. वाघोबा सापडला की त्याला लाल डोळे देऊन खलनायक करतात. लग्नाच्या चौकातल्या पालघट देवीच्या हाती तलवार देतात. हा चौक सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढतात, धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई गाणी म्हणते, आणि देवी आल्याशिवाय लग्न लागत नाही. हिरवा, हिमाय, नारनदेव, कणसरी हीसुद्धा आज पुजली जाणारी दैवतं आहेत. म्हणून आपण करार उसना घ्यावा, देव घेऊ नये. खाडीकाठच्या ताडावर राहणारी, फक्त भरतीत दिसणारी, आणि ताडी उतरवणाऱ्याने पहिला थेंब जमिनीला दिला तरच त्याला वाट देणारी एखादी आपली स्वतःची शक्ती कल्पावी. नावही आपलंच ठेवावं.

आता वेश. वारली चित्रं समोर ठेवून कपडे काढायचा मोह होतो, पण तिथे ते सापडत नाहीत. त्या चित्रांतला माणूस म्हणजे टोकाला जोडलेले दोन त्रिकोण आणि वर गोल डोकं. त्यातून अंगाची लय कळते, निऱ्या नाहीत. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही भिंतीवरची कला १९७०च्या दशकात कागदावर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडून शिकायची ती हालचाल. पात्राच्या अंगरख्यावर पांढरी माणसं छापली म्हणजे वारली वेश झाला, असं मानणं ही दुसरी मोठी चूक.

वेश कामातून घ्यावा. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं चिखलात उभं राहण्यासाठी असतं. कमरेला मागे अडकवलेला कोयता रानात लागतो. आणि माझ्या मते सगळ्यांत देखणं म्हणजे इरलं: बांबूच्या कामट्यांवर पानं बसवून केलेलं, डोक्यापासून पाठीवर उतरणारं पावसाचं आच्छादन. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, वाकलेल्या बाईवर ते कासवाच्या पाठीसारखं दिसतं. आपल्या शक्तीला असंच इरलं द्या, फक्त पानं कधीच न वाळणारी. एवढ्या एका बदलाने ती या जगातली नाही हे कळतं. पिसं, हाडांच्या माळा यांची गरजच उरत नाही.

मग कॅरॅक्टर शीट करावी, म्हणजे एकाच कागदावर पात्र पुढून, बाजूने, मागून काढावं. आकृती पूर्ण काळी भरून बघा. नुसत्या सावलीवरून पात्र ओळखू आलं नाही, तर आकार बदला. दागिने कमीच ठेवा, कारण तेच पात्र शेकडो चौकटींत काढायचं आहे. चौथ्या भागात बांगड्या कमी झाल्या की वाचक लगेच विचारतो.

पहिला भाग प्रसिद्ध करण्याआधी पाड्यावरच्या एखाद्या जाणत्या बाईला चित्रं दाखवा, गोष्ट वाचून दाखवा. ती म्हणाली, “हे असं दाखवू नये,” तर ते पान काढून टाका.