वाड्यात मिटवायचं नाही, 1098 ला कळवायचं



बंदीच्या दोन महिन्यांत जेटीवर जाळी दुरुस्त करायला बसलं की सगळ्या गप्पा होतात. डिझेल, सबसिडी, तारलीचा भाव. मुलांवर होणाऱ्या अत्याचाराचा विषय मात्र निघत नाही, निघाला तर आवाज खाली जातो. आज त्यावरच लिहितोय. बोटमालकांनी जरा जास्त लक्ष देऊन वाचावं.

असं काही झालं की आपलं बोट आधी बाहेरून आलेल्या खलाशांकडे जातं. पण केंद्र सरकारने 2007 साली 13 राज्यांतल्या 12 हजारांवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आपला गोवाही होता. लैंगिक त्रास देणाऱ्यांतले निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले निघाले. मडगावचा फ्रेडी पीट जुन्या लोकांना आठवत असेल. गरीब मुलांना आसरा देणारा भला माणूस म्हणून त्याचा मान होता. 1991 साली पकडला गेला, 1996 मध्ये शिक्षा झाली. तोवर त्या मुलांनी काय सोसलं ते लिहवत नाही.

मूल तोंडाने सांगत नाही, पण वागण्यातून कळतं. खेळताना पडलेल्या पोराचे गुडघे, नडग्या फुटतात. पाठीवर, मांड्यांवर, कानामागे वळ असतील, दोरीचे किंवा वायरीचे गोल व्रण असतील, तर विचारायला हवं. अंथरूण ओलं करणं सुटलेलं मूल पुन्हा करू लागलं, एका ठराविक काकाचं नाव काढलं की आईला चिकटू लागलं, कुणी दिला ते न सांगता नवा मोबाईल घेऊन आलं, वयाला न शोभणारं काही बोलू लागलं, तर लक्ष ठेवा. यातली एक गोष्ट दिसली म्हणजे सिद्ध झालं असं नव्हे. पण दोन-तीन एकत्र दिसल्या तर गप्प बसू नका.

हेळसांडीचंही तसंच. पहाटे 3 ला मासळी घ्यायला जाणारी आई मुलाला शेजारणीकडे सोपवते, ती हेळसांड नव्हे, ती आपली रीतच आहे. पण घरात खायला असून मूल उपाशी, ताप येऊन चार दिवस झाले तरी दवाखाना नाही, बाप दारू पिऊन पडलेला आणि सहा वर्षांची पोर तान्ह्याला सांभाळतेय, हे वेगळं. आधी भाजी-भात घेऊन जा, आईशी बोला. तरी सुधारलं नाही तर कळवा.

आता आपल्याकडचं खरं दुखणं. समजा त्रास देणारा माणूस बोटमालक किंवा तांडेल आहे, आणि मुलाच्या बापाने त्याच्याकडून हंगामाची उचल घेतलीय. मग बैठक बसते. चार मोठी माणसं म्हणतात, पोरीच्या लग्नाचं बघा, पैसे घ्या आणि विषय संपवा. बापाला हो म्हणावं लागतं, कारण उचल फेडायचीय आणि पुढच्या हंगामात बोटीवर जायचंय. अशी बैठक सोसायटीच्या ऑफिसात होणार नाही, एवढं इथेच सांगून ठेवतो. उचलीचा हिशेब वेगळा, हा गुन्हा वेगळा.

कायदाही तेच म्हणतो. राजस्थानात एका शिक्षकावर विद्यार्थिनीला त्रास दिल्याचा गुन्हा होता. गैरसमजातून तक्रार झाली असं घरच्यांनी लिहून दिलं आणि उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा चालू केला. तडजोड झाली म्हणून असा गुन्हा पुसला जात नाही. आणि 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ठाऊक असून न कळवणाऱ्याला 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे बैठकीत बसलेले चौघेही अडकतात. उलट चांगल्या हेतूने कळवलं आणि पुढे काही निघालं नाही, तरी कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही.

मूल तुमच्याकडे आलं तर पूर्ण ऐकून घ्या. "खरं सांगतेस ना?" असं विचारू नका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. त्याचे शब्द जसेच्या तसे कागदावर उतरवा, तारीख घाला. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण सांगावं लागणारच. घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. रुग्णालय सरकारी असो की खासगी, उपचार मोफत द्यावे लागतात, आधी पोलिसांचा कागद आणा म्हणता येत नाही. त्या माणसाला जाब विचारायला, मारायला जाऊ नका. तो सावध होतो आणि मुलावर दबाव येतो.

फोन 1098 वर करा, दिवसरात्र चालतो, किंवा 112 वर. पोलीस स्टेशनात मुलाला बसवतील ही भीती नको. जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल तिथे, साध्या कपड्यांतल्या अधिकाऱ्याने, शक्यतो महिलेने घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस स्टेशनात ठेवता येत नाही.

ग्रुपवर मुलाचं नाव, फोटो, घर कुठलं, शाळा कुठली, काहीही टाकायचं नाही. तोही गुन्हाच आहे. या पोस्टखालीसुद्धा कुणाकडे बोट दाखवणारी कॉमेंट दिसली की मी काढून टाकणार, मग रुसू नका.

दोन्ही नंबर ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलेत. बोटमालकांनी ते केबिनमध्येही चिकटवावेत. जेटीवरच्या खोल्यांत राहणाऱ्या खलाशांच्या मुलांसाठीही तेच नंबर आहेत. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून हिंदी आणि कन्नडमध्येही कागद काढलाय. सोमवारपासून ऑफिसातून न्यावा.