लाल ताफ्याची शंभर वर्षं

मुंबईत थांब्यावर बस येते तेव्हा प्रवासी आधी नंबर पाहतो आणि मग दारातली गर्दी. बसचा रंग लाल, अंगावर बेस्टचं बोधचिन्ह, आत बेस्टचं तिकीट, एवढ्यावर त्याची खात्री पटते की बस आपल्या बेस्टचीच आहे. पण आज शहरात धावणाऱ्या बहुतेक लाल बसगाड्या बेस्टच्या मालकीच्या नाहीत. त्या खासगी कंपन्यांच्या आहेत, चालकही त्यांचाच, आणि बेस्ट त्यांना दर किलोमीटरमागे ठरलेले पैसे देते. १५ जुलै १९२६ रोजी मुंबईत पहिली बस धावली. तिथपासूनच्या शंभर वर्षांत या ताफ्याने पेट्रोल, डिझेल, सीएनजी आणि वीज अशी सगळी इंधनं पाहिली, उंची बदलली, लांबी बदलली. तरी सर्वांत मोठा बदल मालकीचा आहे आणि तो अवघ्या सहा-सात वर्षांत झाला. प्रवाशाच्या डोळ्यांना तो दिसत नाही, म्हणून त्याची चर्चाही पुरेशी होत नाही.

सुरुवात बसपासून झालीच नव्हती. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. १९०५ मध्ये ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ ही कंपनी, म्हणजेच पुढची बेस्ट, उभी राहिली आणि ७ मे १९०७ पासून विजेची ट्राम धावू लागली. वीज विकणारी आणि माणसं वाहून नेणारी संस्था एकच, ही जोडी तेव्हापासूनची. पुढे कितीतरी वर्षं याच जोडीने बस तारली, हे लक्षात ठेवलं तर नंतरचा बराच गुंता सुटतो.

बस आली ती ट्रामची धाकटी बहीण म्हणून. पहिला मार्ग अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. आरंभी गाड्या होत्या २४, आणि १९२७ अखेर त्या ४९ झाल्या. ट्राम स्वस्त होती, कष्टकऱ्यांची होती. बसचं भाडं जास्त, त्यामुळे तिच्यात बसणारा वर्ग वेगळा होता. मात्र ट्रामला रूळ लागायचे आणि बसला नुसता रस्ता पुरायचा. शहर उत्तरेकडे सरकू लागलं तेव्हा हा फरक निर्णायक ठरला. १९३४ मध्ये बससेवा शहराच्या उत्तर भागात पोचली आणि १९३७ मध्ये दुमजली बस आली. १९४० मध्ये कुलाबा ते माहीम अशी ‘लिमिटेड’ सुरू झाली. मोजक्याच थांब्यांवर थांबणारी ही सेवा देशातली बहुधा पहिलीच. लाल अक्षरातला मार्ग क्रमांक आणि त्याखाली ‘मर्यादित’ ही पाटी मुंबईकराच्या कित्येक पिढ्यांनी धावतपळत वाचली आहे.

७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली. त्या वेळी ताफ्यात २४२ बस होत्या, मार्ग होते २३ आणि रोजचे प्रवासी २ लाख ३८ हजारांच्या आसपास. पुढच्या चार-पाच दशकांत बेस्टने जे उभं केलं ते कोणत्याही भारतीय शहराला अभिमान वाटावा असं होतं. कुलाब्यापासून मुलुंड, दहिसरपर्यंत आगारं उभी राहिली. प्रत्येक आगाराला स्वतःचे फिटर, इलेक्ट्रिशियन, टायरवाले आणि तपासणीचे खड्डे होते. मोठ्या दुरुस्तीसाठी दादरची कार्यशाळा होती. बस रात्री आगारात यायची, धुतली जायची, तपासली जायची आणि पहाटे चार-साडेचारला पुन्हा रस्त्यावर असायची. तिचा चालक, वाहक, दुरुस्तीवाला आणि वेळापत्रक लिहिणारा हे सगळे एकाच हजेरीपुस्तकातले लोक होते. बिघाड झाला तर जबाबदार कोण, हे शोधायला करारपत्र काढावं लागत नव्हतं.

याच काळात प्रयोगही झाले आणि ते सगळे यशस्वी झाले नाहीत. ११ जून १९६२ रोजी गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस सुरू झाली. डोक्यावरच्या तारांतून वीज घेणारी, रबरी चाकांवर चालणारी ही गाडी २४ मार्च १९७१ रोजी बंद पडली. म्हणजे मुंबईच्या रस्त्यावर विजेची बस ही काही आजची नवलाई नाही. दरम्यान ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली आणि रस्त्यावरच्या सगळ्या गर्दीचा भार बसवर आला. तो पेलण्यासाठी पुढे ट्रकसारखं तोंड आणि मागे जोडलेली दुमजली पेटी अशी विलक्षण गाडीही बेस्टने चालवली. जागा कमी, माणसं जास्त, या एकाच अडचणीवरची ही उत्तरं होती.

त्यातलं सर्वांत टिकाऊ उत्तर साध्या डबलडेकरचं. रस्त्यावर एका बसची जागा घ्यायची आणि जवळजवळ दीडपट माणसं न्यायची, हा हिशेब मुंबईला चांगलाच पटला. १९९०च्या दशकाच्या आरंभी बेस्टकडे सुमारे ९०० दुमजली बस होत्या. मागच्या बाजूला उघडा फलाट, तिथूनच वर जाणारा अरुंद जिना, आणि वरच्या मजल्यावर अगदी पुढे, काचेला नाक लावून बसायची जागा. त्या जागेसाठी मुलंच नाही, मोठी माणसंही धडपडायची.

डबलडेकर मागे पडली ती प्रवाशांनी नाकारली म्हणून नव्हे. तिला दोन मजल्यांसाठी दोन वाहक लागायचे, डिझेल जास्त लागायचं, सुटे भाग मिळणं कठीण होत गेलं. तोट्यात चाललेल्या संस्थेच्या ताळेबंदात हे तिन्ही आकडे लाल शाईत दिसतात. एका वाहकाचा पगार वाचला हे कागदावर लगेच दिसतं. दोन बसची माणसं एका बसमध्ये कोंबली गेली, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. संख्या घसरत घसरत शेवटी मूठभरांवर आली. १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरी पूर्व ते सीप्झ या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर जुन्या दुमजली बसची शेवटची फेरी झाली. ५ ऑक्टोबरला पर्यटकांना शहर दाखवणारी, वरून उघडी असलेली डबलडेकरही थांबली.

बदली गाडी मात्र आधीच आली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण मुंबईत सीएसएमटी ते एनसीपीए या मार्गावर ‘स्विच मोबिलिटी’ या अशोक लेलँडच्या कंपनीची वातानुकूलित, विजेवर चालणारी डबलडेकर धावू लागली. तिला दोन दारं आणि दोन जिने आहेत, ती धूर सोडत नाही, आवाज करत नाही. गाडी उत्तम आहे यात वाद नाही. पण बेस्टने अशा शेकडो गाड्या मागवल्या होत्या, एका कंपनीकडून तर ७०० यायच्या होत्या. त्या आल्याच नाहीत. आज विजेच्या डबलडेकर पन्नासच्या आसपास आहेत. नऊशे आणि पन्नास या दोन आकड्यांमध्ये मुंबईच्या बसची सगळी गोष्ट आहे.

ही घसरण एका दिवसात झाली नाही. २००३च्या वीज कायद्यानंतर विजेच्या नफ्यातून आणि वीजग्राहकांच्या बिलातून बसचा तोटा भरून काढण्याच्या पद्धतीवर प्रश्नचिन्ह लागलं, खटले झाले आणि अखेर तो आधार सुटला. एका घरातल्या दोन भावांची चूल वेगळी झाली आणि कमावता भाऊ दुसरीकडे गेला. दुसऱ्या बाजूला रस्ते खासगी गाड्यांनी भरले, बसचा वेग मंदावला, शेअर रिक्षा आणि शेअर टॅक्सींनी स्टेशनपर्यंतचा प्रवासी पळवला. ४०-४२ लाखांच्या घरात असलेले रोजचे प्रवासी निम्म्याच्या खाली आले. भाडं वाढवलं की प्रवासी घटायचे, प्रवासी घटले की फेऱ्या कापल्या जायच्या, आणि फेऱ्या कापल्या की उरलेले प्रवासीही दुसरी सोय बघायचे.

अधूनमधून नवं काही येत राहिलं. १९९८ मध्ये वातानुकूलित बस आली. हवेच्या प्रदूषणावरून न्यायालयांनी बडगा उगारल्यावर सीएनजी आला आणि हळूहळू ताफ्याचा मोठा भाग त्यावर गेला. २००७-०८च्या सुमारास जांभळ्या रंगाच्या वातानुकूलित ‘किंगलाँग’ बस मोठ्या थाटात रस्त्यावर उतरल्या. त्या सारख्या बंद पडत, इंधन खात आणि त्यांचं तिकीट सामान्य माणसाला झेपत नसे. एप्रिल २०१७ मध्ये बेस्टने ही वातानुकूलित सेवा बंदच केली. केंद्राच्या शहर पुनरुत्थान योजनेतून मिळालेल्या बस मात्र दणकट निघाल्या आणि पुढची दीड दशकं त्यांनीच शहराचा भार वाहिला. बेस्टच्या स्वतःच्या मालकीची ती शेवटची मोठी खरेदी.

मग २०१९ साल उजाडलं. जानेवारीत कामगारांचा नऊ दिवसांचा संप झाला, बेस्टच्या इतिहासातला सर्वांत लांब. जूनमध्ये कामगार संघटनेशी करार झाला. त्यात भाडेतत्त्वावर बस घ्यायला संघटनेने मान्यता दिली आणि बदल्यात बेस्टने स्वतःचा ताफा ३,३३७ बसचा ठेवण्याचं वचन दिलं. ९ जुलैला किमान भाडं आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आलं, वातानुकूलित बसचं अवघं सहा रुपयांवर. प्रवासी अक्षरशः परत धावले. थांब्यांवर पुन्हा रांगा लागल्या. स्वस्त आणि थंडगार बस मिळाली तर मुंबईकर तिच्याकडे येतो, हे त्या एका निर्णयाने सिद्ध केलं, आणि शहराच्या वाहतुकीत अलीकडे झालेला हा सर्वांत चांगला निर्णय होता.

करारातला दुसरा अर्धा भाग मात्र कागदावर राहिला. भाडेतत्त्वाच्या बस येत गेल्या. आधी छोट्या मिनी आणि मिडी, मग टाटांच्या मोठ्या इलेक्ट्रिक, मग ऑलेक्ट्रा कंपनीच्या बारा मीटर लांबीच्या. २०२२ मध्ये तर एका दमात २,१०० इलेक्ट्रिक बसचं कंत्राट दिलं गेलं. पण बेस्टच्या मालकीच्या बस पंधरा वर्षांचं आयुष्य संपलं की भंगारात निघत गेल्या आणि त्यांच्या जागी स्वतःच्या नव्या बस जवळजवळ आल्याच नाहीत. सरकारी वाहनं पंधरा वर्षांनंतर रस्त्यावर न ठेवण्याचा केंद्राचा नियम एप्रिल २०२३ पासून लागू झाला आणि पळवाटही उरली नाही. आज ३,३३७च्या वचनापैकी काहीशे बस शिल्लक आहेत. सगळ्या मिळून ताफा तीन हजारांच्या खाली आला आहे. पंधरा वर्षांपूर्वी तो साडेचार हजारांच्या आसपास होता.

भाडेतत्त्व ही मुळातच वाईट गोष्ट आहे असं नाही. ज्या लंडनकडून मुंबईने लाल डबलडेकर घेतली, तिथल्या सगळ्या बस गेली तीसेक वर्षं खासगी कंपन्याच चालवतात. पण तिथे ताफा आठ हजारांहून मोठा आहे, मार्ग, वेळापत्रक आणि दर्जा यांवर सार्वजनिक संस्थेची पकड घट्ट आहे आणि एखाद्या कंपनीने हात वर केले तर तिची जागा घ्यायला दुसरी तयार असते. मुंबईत तसं घडलं नाही. काही कंत्राटदार परवडत नाही म्हणून मध्येच निघून गेले आणि शेकडो मिनी बस एका झटक्यात रस्त्यावरून नाहीशा झाल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालक पगारासाठी संपावर गेले आणि आठवडाभर शहराचे हाल झाले. ज्या चालकाला बेस्ट पगार देत नाही, त्याच्याशी वाटाघाटी तरी बेस्टने कशा करायच्या?

९ डिसेंबर २०२४च्या रात्री कुर्ल्यात ३३२ क्रमांकाच्या भाडेतत्त्वावरील इलेक्ट्रिक बसने रस्त्यावरची माणसं आणि वाहनं चिरडली. अनेकांचा जीव गेला, चाळीसहून अधिक जखमी झाले. त्यानंतर चालकाला स्वयंचलित इलेक्ट्रिक बसचं किती प्रशिक्षण मिळालं होतं, याची चौकशी सुरू झाली. क्लच आणि गिअरच्या गाडीवर हात बसलेल्या माणसाला बारा मीटरची, पायाखाली दोनच पेडल असलेली, दाबताच झेपावणारी गाडी द्यायची तर आधी बराच सराव हवा. जुन्या बेस्टमध्ये नवी बस आली की आगारातला प्रशिक्षक शेजारी बसत असे. तो प्रशिक्षक, ते आगार आणि तो चालक आता तीन वेगळ्या हिशेबांत मोडतात.

९ मे २०२५ पासून किमान भाडं दहा रुपये झालं, वातानुकूलितचं बारा. घरकाम करणाऱ्या बाईला दिवसातून चार घरं गाठायची तर हा फरक महिन्याला जाणवणारा आहे. भाडेवाढीनंतर तिला थांब्यावर कमी वेळ उभं राहावं लागलं असतं, तर तिने ती सोसलीही असती. पण बसच कमी, त्यामुळे वाट बघणं तसंच राहिलं.

म्हणूनच पुढची बसखरेदी नीट विचार करून व्हायला हवी. बस विजेची असावी याबद्दल आता कुणाचं दुमत नाही. पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्यातून ती सुरक्षित जाते का, तिची बॅटरी गर्दीच्या दोन्ही वेळा भागवते का, आगारात एकाच वेळी किती गाड्या चार्ज होतात, हे प्रश्न इंजिनिअर सोडवतील. निर्णय महापालिकेचा आहे तो वेगळा. देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका दर वर्षी रस्त्यांवर आणि पुलांवर हजारो कोटी खर्च करते. त्यातला एक हिस्सा बेस्टच्या स्वतःच्या बस, स्वतःचे चालक आणि स्वतःच्या कार्यशाळेसाठी ठरवून, दर वर्षी, निवडणूक असो वा नसो, दिला तर ३,३३७चा आकडा गाठायला दशक पुरेल. शिवाय त्यातल्या निदान काहीशे बस दुमजली असाव्यात, आणि त्या फक्त नरिमन पॉइंटपुरत्या न ठेवता मालवणी, शिवाजी नगर, धारावी आणि मुलुंडच्या आगारांतून निघाव्यात, जिथे सकाळी सात वाजता एका बसमागे दोन बसची माणसं उभी असतात.