नावात ‘आर्किटेक्चर’, पदवी मात्र वेगळी

बारावीचे निकाल लागले की गोव्यातील घराघरांत महाविद्यालयांची माहितीपत्रके उलगडली जातात. त्यांत अलीकडे ‘इंटिरियर आर्किटेक्चर’, ‘इंटिरियर डिझाईन’, ‘स्पेस डिझाईन’ अशी नावे वारंवार दिसतात. चित्रकलेत गती असलेल्या मुलामुलींना ती खुणावतात आणि पालकांना त्यातील ‘आर्किटेक्चर’ हा शब्द धीर देतो. मूल वास्तुविशारद होणार, असे गृहीत धरून शुल्क भरले जाते, परगावी वसतिगृहाची सोय केली जाते. चार वर्षांनी हाती पडणारी पदवी मोलाची असू शकते. परंतु ती वास्तुविशारदाची पदवी नव्हे. ही गोष्ट प्रवेश घेण्यापूर्वी कळली तर निवड डोळसपणे होते, पदवीदान समारंभानंतर कळली तर फक्त मनस्ताप उरतो.

मराठीत हा घोळ आणखी वाढतो. ‘वास्तुशास्त्र’ म्हटले की लोकांच्या मनात दिशा, ईशान्य कोपरा आणि दाराचे तोंड येते. ‘गृहसजावट’ म्हटले की पडदे, सोफे आणि भिंतींचे रंग. इंटिरियर आर्किटेक्चर या दोहोंत बसत नाही. ‘अंतर्गत वास्तुरचना’ हा त्यातल्या त्यात जवळचा शब्द. वास्तुविशारदाचे काम बहुधा मोकळ्या भूखंडापासून सुरू होते, अंतर्गत वास्तुरचनाकाराचे काम उभ्या इमारतीपासून. भिंती आहेत, छप्पर आहे, खिडक्या ठरलेल्या जागी आहेत. आता या कवचात माणसांनी वावरायचे कसे, हा त्याच्यापुढचा प्रश्न असतो. सजावट हा त्या उत्तराचा शेवटचा आणि तुलनेने सोपा भाग.

या विद्येचे खरे सामर्थ्य दिसते ते इमारतीचा मूळ उपयोग संपल्यावर. पॅरिसमधील ओर्से रेल्वे स्थानक १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने बांधले गेले. पुढे गाड्या लांब झाल्या, फलाट तोकडे पडले आणि स्थानक जवळजवळ निकामी झाले. ते पाडण्याचे घाटत होते; पण १९८६ साली तेथे कलासंग्रहालय उघडले. स्थानकाच्या प्रचंड कमानदार दालनाला हात न लावता त्याच्या पोटात दगडी भिंतींची लहान दालने रचणे, वरून येणारा उजेड चित्रांना बाधणार नाही असा वळवणे, हे आतले काम इटालियन रचनाकार गाए औलेंटी यांनी केले. त्यावर तेव्हा टीकाही भरपूर झाली. तथापि इमारत वाचली, आणि तीही जिवंत राहून.

गोव्याला याची उदाहरणे परदेशात शोधण्याची गरज नाही. पणजीचा आदिलशाही राजवाडा सुलतानाचा होता, मग पोर्तुगीज व्हाइसरॉयचे निवासस्थान झाला, मुक्तीनंतर सचिवालय आणि विधानसभा झाला; २००० साली विधानसभा पर्वरीला गेल्यानंतर त्याच दालनांत कलाप्रदर्शने भरू लागली. रेइश मागूशचा किल्ला १९९३ पर्यंत तुरुंग होता; जीर्णोद्धारानंतर २०१२ पासून तो सांस्कृतिक केंद्र आहे. जेथे कैद्यांना कोंडले जाई, त्या जाड भिंतींच्या खोल्यांत आता लोक मारियो मिरांडा यांची चित्रे पाहतात. प्रत्येक बदलात तेच प्रश्न नव्याने सोडवावे लागले असतील : माणसे कोठून आत येतील, उजेड कोठून येईल, विजेच्या तारा जुन्या भिंतीला इजा न करता कशा न्याव्यात, चाकाच्या खुर्चीतील व्यक्ती वरच्या मजल्यावर कशी पोहोचेल.

आणि किल्ले-राजवाडे राहोत बाजूला, गोव्यातील जुनी घरे हीच या विद्येची सर्वांत मोठी प्रयोगशाळा आहे. राजांगणाभोवती उभे राहिलेले चौसोपी हिंदू घर असो वा बल्कांव, मोठी साळ आणि शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या असलेले ख्रिस्ती घर असो, त्यांतील कित्येक आज कुलूपबंद आहेत. मालक मुंबईत किंवा परदेशात, वारसदार अनेक. कोणी त्यात पाहुण्यांसाठी खोल्या काढू पाहतो, कोणी कॅफे, कोणी केवळ वृद्ध आईसाठी तळमजल्यावर न्हाणीघर. हे न्हाणीघरच पाहावे. चिऱ्याची भिंत ओल शोषते आणि सोडते. तिला चुन्याचा गिलावा मानवतो. तिच्यावर सिमेंटचा घट्ट थर चढवला की ओल आत अडकते, काही पावसाळ्यांत गिलावा फुगतो आणि चिरा झिजू लागतो. अशा भिंतीला लागून नळ, फरशी आणि सांडपाण्याची वाट काढायची तर पदार्थांचा स्वभाव ठाऊक असावा लागतो. नुसत्या चांगल्या अभिरुचीने ते निभत नाही.

म्हणूनच चांगल्या अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष अनेकांचा भ्रमनिरास करते. तेथे सोफे नसतात. हाताने रेघ मारणे, वस्तू पाहून रेखाटणे, पुठ्ठा आणि लाकूड कापून प्रतिकृती करणे, एका खोलीचा नकाशा १:५० या प्रमाणात काढणे, असे काम महिनोन्महिने चालते. त्यानंतर येते मोजणी. विद्यार्थ्यांचा गट एखाद्या जुन्या इमारतीत जातो आणि फितीने तिचा कण् न् कण मोजून कागदावर उतरवतो. जुन्या घराच्या खोल्या क्वचितच काटकोनी असतात. चारही भिंतींची मापे घेऊन आकृती जुळत नाही, तेव्हा कर्ण मोजावा लागतो, हे विद्यार्थी तेथे शिकतो. संगणकावरील आज्ञावली नंतर येतात. ज्या संस्थेत त्या पहिल्याच सत्रात येतात आणि मोजणी कधीच येत नाही, त्या संस्थेकडे सावधपणे पाहिलेले बरे.

पुढे माणसाच्या शरीराची मापे येतात. चाकाच्या खुर्चीला पूर्ण वळायला साधारण १५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते; उताराचा चढ १ः१२ पेक्षा तीव्र नसावा. स्वयंपाकाचा ओटा किती उंच, याचे उत्तर त्यापुढे उभ्या राहणाऱ्या व्यक्तीच्या कोपरावर अवलंबून असते. सगळ्या घरांत एकाच उंचीचे ओटे बसवणाऱ्या बांधकाम व्यवसायाने हा धडा घेतलेला दिसत नाही, आणि त्याची किंमत बहुधा घरातील स्त्रियांच्या पाठी मोजतात.

मग ध्वनी. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवे व्याख्यानगृह उघडले आणि तेथे वक्त्याचा शब्दच कळेना, इतका आवाज घुमत असे. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या व्याख्यानगृहात कमी-अधिक संख्येने मांडल्या आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजले. खोलीचे घनफळ आणि आवाज शोषणारे पृष्ठभाग यांचा संबंध सांगणारे त्याचे सूत्र विद्यार्थी आजही वापरतात. कोंकणी-मराठी रंगभूमीवर प्रेम करणाऱ्या गोमंतकीयांना हा विषय परका वाटू नये. चार्ल्स कोरिया यांच्या कला अकादमीच्या नाट्यगृहात मारियो मिरांडा यांनी भिंतींवर जुन्या नाट्यगृहाचे सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगवले. सपाट भिंतीला खोली देणारी ही युक्ती अंतर्गत रचनेचा उत्तम पाठ आहे. नूतनीकरणानंतर कलावंतांनी त्याच वास्तूतील ध्वनी आणि प्रकाश यांविषयी प्रश्न उपस्थित केले, ते याच विद्येच्या कक्षेतील होते. इमारत बाहेरून तशीच दिसते. ती आतून बिघडते, आणि आतूनच सुधारते.

पदार्थांचा अभ्यास हा वर्गात जितका होतो त्याहून अधिक कामाच्या जागी होतो. पावसाळ्यात महिनोन्महिने दमट राहणाऱ्या किनारपट्टीवर कोरड्या शहरातील कल्पना जशाच्या तशा उचलता येत नाहीत. साधे प्लायवूड फुगते. ओल्या जागी आय. एस. ७१० या मानकाचे, सागरी प्रतीचे प्लायवूड मागावे लागते. खाऱ्या हवेत स्वस्त बिजागऱ्या गंजतात, बंद कपाटात बुरशी धरते, जमिनीला टेकलेल्या लाकडाला वाळवी लागते. यातले बरेचसे ज्ञान गावच्या मेस्ताकडे आणि गवंड्याकडे आधीपासून आहे. ज्या अभ्यासक्रमात कार्यशाळा आहे, रंधा हातात घ्यावा लागतो, लाकडाचे सांधे स्वतः जुळवावे लागतात, तेथील विद्यार्थी या मंडळींशी पुढे बरोबरीने बोलू शकतो. एरव्ही तो चित्र दाखवतो आणि मेस्त मनातल्या मनात हसतो.

आता कायद्याकडे. आपल्या देशात ‘वास्तुविशारद’ ही उपाधी १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने संरक्षित आहे. वास्तुकला परिषदेने मान्य केलेली पाच वर्षांची बी. आर्क. पदवी आणि परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कोणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, या कायद्याचे कलम ३७ उपाधीच्या वापरावर बंधन घालते, रचनेचे काम करण्यावर नव्हे. अर्थ सरळ आहे. अंतर्गत रचनेचा पदवीधर व्यवसाय करू शकतो, कार्यालय थाटू शकतो. पण फलकावर ‘आर्किटेक्ट’ लिहू शकत नाही, मग त्याच्या पदवीच्या नावात तो शब्द असो वा नसो. अंतर्गत रचनाकारांसाठी अशी कायदेशीर नोंदणी देशात नाही. १९७२ मध्येच स्थापन झालेली भारतीय अंतर्गत रचनाकारांची संस्था आहे, तिचे सदस्यत्व उपयोगी आहे, परंतु तो परवाना नव्हे.

या मोकळीकीला दोन बाजू आहेत. कोणीही हा व्यवसाय करू शकतो, म्हणून सहा महिन्यांचे प्रमाणपत्र घेतलेला आणि चार वर्षे घासलेला एकाच बाजारात उभे असतात. ग्राहकाला फरक कळतो तो भिंत तोडल्यावर. जुन्या चिऱ्याच्या घरात छपराचा भार भिंतींवरच असतो. ‘हॉल मोठा करू’ म्हणून मधली भिंत काढली तर वरची वाशांची मांडणीच निराधार होते. काँक्रीटच्या खांब-तुळयांच्या इमारतीत मधल्या भिंती बहुधा केवळ आडोसा असतात. हा फरक ओळखता येणे आणि शंका आली की संरचना अभियंत्याला बोलावणे, हे पदवीने शिकवायला हवे. आपली मर्यादा कोठे आहे हे ज्ञात असणे, यालाच या व्यवसायात मोठे कौशल्य मानले जाते, आणि ते योग्यच आहे.

प्रवेशाचे मार्गही या फरकानुसार वेगळे होतात. बी. आर्क.साठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागते, तसेच ‘नाटा’ किंवा जेईईची वास्तुकलेची प्रश्नपत्रिका. पणजीच्या आल्तिनो टेकडीवरील गोवा वास्तुकला महाविद्यालय ही पदवी घरच्या घरी देते. वास्तुविशारदच व्हायचे असेल, तर हाच किंवा असाच मार्ग धरावा. बी. आर्क. झालेला पुढे अंतर्गत रचनेकडे वळू शकतो. उलट प्रवास मात्र पुन्हा पहिल्या वर्षापासून करावा लागतो. अंतर्गत रचनेची बी. डिझाईन ही पदवी सामान्यतः चार वर्षांची असते आणि बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला खुली असते. अहमदाबादच्या सेप्टमध्ये अंतर्गत रचनेचे स्वतंत्र विद्यालय १९९१ साली सुरू झाले. त्याच शहरातील राष्ट्रीय डिझाईन संस्थेत फर्निचर आणि अंतर्गत रचना हा एकत्र विषय आहे. तेथील प्रवेश परीक्षा दोन टप्प्यांत होते. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाची परंपरा ललित कलेच्या अंगाने येते, तर काही विद्यापीठांत हा विषय गृहविज्ञान शाखेतून शिकवला जातो. चारही ठिकाणी शब्द तोच, भर मात्र निराळा.

खासगी संस्थांच्या बाबतीत एक गोष्ट निक्षून पाहावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेच्या कायद्याने खास अधिकार दिलेल्या संस्थेला असतो, एखाद्या ‘अकादमी’ला नव्हे. तेव्हा प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचे नाव असेल, हे शुल्क भरण्यापूर्वी लेखी विचारावे. संलग्नतेचे पत्र मागावे. त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम दिसतो का ते पाहावे. पदविका वाईट नसते. ती घेऊन अनेकांनी उत्तम काम केले आहे. पण पुढे पदव्युत्तर शिक्षण किंवा परदेशी जाण्याचा विचार असेल, तर पदविका आणि पदवी यांतील फरक अडसर ठरतो.

माहितीपत्रकातील चकचकीत छायाचित्रांपेक्षा अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे काम पाहिले तर संस्थेची पारख लवकर होते. बहुतेक संस्था वर्षाअखेरीस त्याचे प्रदर्शन भरवतात आणि ते सर्वांना खुले असते. तेथे केवळ संगणकाने रंगवलेली दृश्ये टांगलेली असतील, की सांध्यांचे तपशील, मोजणीचे नकाशे आणि हाताने घडवलेल्या प्रतिकृतीही असतील, हे पालकालाही कळू शकते. शिकवणाऱ्यांपैकी किती जण स्वतः व्यवसाय करतात आणि प्रशिक्षणाचे सत्र किती महिन्यांचे आहे, हे दोन प्रश्न तेथेच विद्यार्थ्यांना विचारावेत. कार्यालयाने दिलेल्या उत्तरापेक्षा ते उत्तर अधिक खरे असते.