दख्खनच्या वाटेने फ्रान्स : तरुणांसाठी अल्पखर्ची शहरभेटींचा वेगळा क्रम

युरोपातील तरुणांमध्ये रुळलेला 'सिटी ब्रेक' हा प्रवासप्रकार म्हणजे शनिवार-रविवारला एखादी सुटी जोडून एकाच शहरात दोन-तीन रात्री राहून परतण्याची छोटी सहल होय. तीत शहराची निवड तिकिटाच्या दराइतकीच महत्त्वाची असते. परंतु भारतातून जाणाऱ्या तरुणांच्या बाबतीत ही निवड बहुधा आधीच झालेली असते, कारण फ्रान्स म्हणजे पॅरिस आणि पॅरिस म्हणजे आयफेल टॉवर व लूव्र हे समीकरण प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांनी पक्के करून ठेवले आहे. हैदराबादचे विद्यानगर हे उस्मानिया विद्यापीठाला लागून असलेले, विद्यार्थ्यांचा राबता असलेले उपनगर असून जवळच तार्नाक्याला इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठात फ्रेंच शिकवली जाते. येथून फ्रान्सला निघणाऱ्या मराठी तरुणासाठी मात्र निवडीचा वेगळा क्रम उपलब्ध आहे. दख्खन आणि फ्रान्स यांचा संबंध पावणेतीनशे वर्षांचा असून त्याच्या खुणा फ्रान्समधील ज्या गावांत आढळतात ती गावे राहण्या-खाण्याच्या दृष्टीने पॅरिसपेक्षा स्वस्त आहेत, हा योगायोग तरुणांनी आजवर फारसा उपयोगात आणलेला नाही.

या क्रमाचे पहिले ठिकाण हैदराबादेतच आहे. विद्यानगर स्थानकातून फलकनुम्याकडे जाणाऱ्या एमएमटीएस लोकलने काचीगुड्यानंतरचे मलकपेट गाठावे आणि तेथून मेट्रोच्या तांबड्या मार्गिकेवर दोन स्थानके पुढे जावे, म्हणजे मुसारामबाग येते. २०१८ साली सुरू झालेल्या या स्थानकाच्या नावात एका फ्रेंच सेनापतीचे नाव लपले आहे, याची प्रवाशांना क्वचितच कल्पना असते. मिशेल जोआकिम रेमाँ, ज्याला मराठी इतिहासलेखनात 'मुसा रेमू' म्हटले जाते, हा १७५५ साली नैऋत्य फ्रान्समध्ये जन्मलेला तरुण व्यापाराच्या निमित्ताने पाँडिचेरीस आला, लष्करात शिरला आणि १७८६ मध्ये निजाम अली खानाच्या चाकरीत दाखल झाला. तेथे त्याने कवायती फौज उभी केली, म्हणजे युरोपीय पद्धतीने एका हुकुमावर रांगा धरणारे, बंदुका भरणारे आणि झाडणारे पायदळ तयार केले. अखेरच्या काळात या फौजेची संख्या सुमारे १४ हजार होती. आबिद रोड आणि बशीरबाग यांच्या दरम्यानचा 'तोप का सांचा' हा तोफा ओतण्याचा कारखाना त्याच काळातला असून गनफाउंड्री या वस्तीचे नाव त्यावरूनच पडले. २५ मार्च १७९८ रोजी रेमाँचा मृत्यू झाला. त्याची समाधी असमानगढजवळच्या टेकडीवर असून तेथे दगडी चौकोनी निमुळता स्तंभ आणि त्याशेजारी ग्रीक धाटणीचा खांबांचा मंडप आहे. मूळ मंडप २००१ च्या पावसात कोसळल्यानंतर तो पुन्हा बांधण्यात आला. निजामीच्या काळात येथे रेमाँच्या पुण्यतिथीला उरूस भरत असे. परक्या धर्माच्या, परक्या राजाच्या माणसाला हैदराबादने पीर करून टाकले, ही गोष्ट या शहराच्या स्वभावाविषयी बरेच काही सांगते.

रेमाँच्या आधीच्या पिढीत मार्की द ब्युसी हा फ्रेंच सेनानी हैदराबादच्या गादीवरील सलाबतजंगाच्या पाठीशी उभा होता. १७५६ साली दरबाराने त्याला निरोप दिला, तेव्हा तो मुसीच्या काठच्या चार महाल या बागेत मोर्चे बांधून कुमक येईपर्यंत तग धरून राहिला. ब्युसीच्याच हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे भाऊसाहेबांच्या सैन्यातून पानिपतावर लढला. मराठ्यांकडील आणि निजामाकडील फ्रेंच परंपरा समोरासमोर आल्या त्या ११ मार्च १७९५ रोजी, जामखेड तालुक्यातील खर्ड्याच्या रणभूमीवर : निजामाच्या बाजूला रेमाँच्या पलटणी होत्या, तर दौलतराव शिंद्यांच्या पलटणींचे नेतृत्व पेराँ या दुसऱ्या फ्रेंच माणसाकडे होते.

प्रवासाच्या खर्चाकडे वळताना एक भेद आधीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. हैदराबादहून केवळ तीन दिवसांसाठी फ्रान्सला जाणे हा कोणत्याही अर्थाने अल्पखर्ची प्रवास ठरत नाही, कारण विमानभाडे, शेंगेन व्हिसाचे शुल्क (जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो) आणि किमान ३० हजार युरोंचे संरक्षण देणारा सक्तीचा वैद्यकीय विमा हा खर्च तीन दिवसांसाठीही तेवढाच आणि तीन आठवड्यांसाठीही जवळपास तेवढाच येतो. छोट्या शहरभेटींचा खरा लाभ दोन प्रकारच्या तरुणांना होतो : जे शिक्षणासाठी आधीच फ्रान्समध्ये किंवा शेजारच्या देशात राहत आहेत ते, आणि जे दहा-बारा दिवसांचा एकच दौरा तीन-चार शहरांत विभागून घेतात ते. पहिल्या गटाची संख्या वाढणार अशी चिन्हे आहेत, कारण २०३० पर्यंत ३० हजार भारतीय विद्यार्थ्यांना सामावून घेण्याचे उद्दिष्ट फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले आहे.

दोन्ही गटांना मिळणाऱ्या सवलती मात्र सारख्या नाहीत, आणि येथेच अनेकांचा हिशेब चुकतो. २००९ पासून फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आणि स्मारकांत २६ वर्षांखालील युरोपीय रहिवाशांना विनामूल्य प्रवेश मिळतो. ही सवलत नागरिकत्वावर नसून रहिवासावर असल्याने दीर्घ मुदतीचा व्हिसा घेऊन शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यालाही ती लागू होते, पर्यटक व्हिसावर आलेल्या त्याच्या मित्राला मात्र होत नाही. उलट लूव्रने १४ जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरील पर्यटकांसाठी वेगळा आणि चढा दर, म्हणजे ३२ युरो, लागू केला आहे. पर्यटकाने अशा वेळी पॅरिस नगरपालिकेच्या संग्रहालयांकडे वळावे हे उत्तम, कारण कार्नाव्हाले किंवा पेती पाले येथील कायमस्वरूपी दालने सर्वांनाच विनामूल्य खुली असतात आणि पॅरिसचा इतिहास समजण्यासाठी लूव्रपेक्षा कार्नाव्हालेच अधिक उपयोगाचे आहे.

रेल्वेच्या बाबतीत दोन व्यवस्था समजून घ्याव्या लागतात. तेजेव्हे ही अतिवेगवान गाडी विमानाच्या पद्धतीने चालते, म्हणजे जागा भरत जातात तसे तिचे भाडे चढत जाते. टीईआर ही प्रादेशिक गाडी हळू असली तरी तिचे भाडे साधारणपणे आयत्या वेळी वाढत नाही. १२ ते २७ वर्षे वयाच्या प्रवाशांना ४९ युरोंत वर्षभराचे सवलतपत्र मिळते, ज्यावर तेजेव्हे आणि आंतरशहर गाड्यांत ३० टक्के सूट असते, आणि ते कोणत्याही देशाच्या नागरिकाला घेता येते. २०१३ पासून धावणारी विगो ही तेजेव्हेची स्वस्त आवृत्ती असून तिच्यात सामानाची मर्यादा कडक असते, हे पापडलोणच्याच्या पिशव्या घेऊन निघणाऱ्या मराठी मुलांनी ध्यानात ठेवलेले बरे. खाण्यासाठी वसतिगृहातील सामाईक स्वयंपाकघर हाच सर्वांत मोठा आधार ठरतो, शाकाहाऱ्यांसाठी तर विशेषच. उपाहारगृहात जेवण घेणाऱ्याला नळाच्या पाण्याचा जग मोफत मागता येतो, हे ठाऊक नसल्याने अनेक जण बाटलीबंद पाण्यावर विनाकारण पैसे घालवतात.

तरुणांच्या स्वस्त प्रवासाची ही व्यवस्था बाजाराच्या कृपेने उभी राहिलेली नाही. युवा वसतिगृहाची कल्पना रिखार्ड शिरमान या जर्मन शिक्षकाची. त्याने १९१२ साली आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायमस्वरूपी वसतिगृह थाटले. फ्रान्समध्ये ही चळवळ १९३० च्या सुमारास मार्क सान्ये यांनी रुजवली. त्यानंतर १९३६ साली लोकआघाडीच्या सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा केला आणि क्रीडा व विरंगुळ्याचे खाते सांभाळणारे लेओ लाग्रांज यांनी रजेवर निघालेल्या कामगारांसाठी रेल्वेचे ४० टक्के सवलतीचे तिकीट सुरू केले. प्रवास हा श्रीमंतांचा शौक नसून नागरिकाचा हक्क आहे, या भूमिकेतून ही धोरणे आली, आणि आजच्या सवलतपत्रांचे मूळ त्यांच्यातच शोधले पाहिजे.

फ्रान्समधील दख्खनी खुणांत सर्वांत ठसठशीत खूण आल्प्सच्या पायथ्याशी, शांबेरी या गावात आहे. लियोंहून टीईआरने सुमारे दीड तासात तेथे पोहोचता येते. गावाच्या मध्यभागी उंच स्तंभ असून त्याच्या तळाशी चार दिशांना तोंडे केलेले चार हत्ती आहेत. हत्तींचा फक्त पुढचा अर्धा भाग घडवलेला असल्यामुळे गावकरी त्यांची बुडाशिवायचे चौघे म्हणून थट्टा करतात. स्तंभाच्या माथ्यावरचा पुतळा आहे बन्वा द ब्वान्य याचा, म्हणजेच महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेचा निर्माता डी बॉइन याचा. तो १७५१ साली याच गावी जन्मला, त्या वेळी सव्हॉय प्रांत फ्रान्सचा नसून सार्डिनियाच्या राजाचा होता. १७८४ मध्ये तो महादजींच्या चाकरीत आला, आणि १७९० साली पाटण व मेडता येथे त्याच्या पलटणींनी मिळवलेल्या विजयांमुळे उत्तरेत शिंद्यांची सत्ता स्थिरावली. १७९६ मध्ये तो हिंदुस्थान सोडून गेला, बरोबर अमाप संपत्ती नेली आणि अखेरच्या वर्षांत तिच्यातील मोठा वाटा गावातील धर्मादाय संस्था, रुग्णालय व रस्ते यांवर खर्च केला. १८३० मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि १८३८ साली शिल्पकार पिएर-व्हिक्तोर सापे याने घडवलेले हे कारंजे उभे राहिले. गावातला कमानींचा देखणा रस्ताही त्याच्याच नावाचा आहे. हा सारा पैसा शेवटी माळवा आणि दुआबातील रयतेच्या सारावसुलीतून आलेला होता, याचा विचार तेथे उभ्या असलेल्या मराठी माणसाने अवश्य करावा. पुतळ्याखालच्या हत्तींकडे पाहण्याची दृष्टी या विचाराने बदलते. शांबेरी एका दिवसात पायी पाहून होते, आणि मुक्काम लियोंला ठेवल्यास तेथील जुन्या रेशीम विणकरांच्या वस्तीतले 'त्राबूल', म्हणजे इमारतींच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत नेणारे बोळ, एक पैसाही न देता हिंडता येतात.

दुसरी खूण थेट हैदराबादची आहे, आणि ती उत्तर फ्रान्समध्ये आहे. रेमाँच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत, १ सप्टेंबर १७९८ च्या कराराने निजामाने तैनाती फौज, म्हणजे आपल्या खर्चाने पोसायची पण इंग्रजांच्या हुकुमातली फौज, वाढवून घेतली आणि फ्रेंच पलटणी ऑक्टोबरात निःशस्त्र करण्यात आल्या. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची जी वेगळी फौज त्यानंतर निजामाच्या गळ्यात पडली तिचे नाव हैदराबाद कंटिंजंट. तिचा खर्च थकला म्हणून १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून तोडून घेण्यात आला. या कंटिंजंटचे १८२६ साली उभारलेले एक घोडदळ १९०३ नंतर '२० वे डेक्कन हॉर्स' या नावाने ओळखले जाऊ लागले. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीच्या साऱ्यावर पोसलेले हे घोडदळ पहिल्या महायुद्धात 'सिकंदराबाद कॅव्हलरी ब्रिगेड' या तुकडीतून, पूना हॉर्सच्या जोडीने, फ्रान्समध्ये गेले. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी सोमच्या रणांगणावर हाय वूड या रानाच्या कडेने डेक्कन हॉर्स आणि सातवे ड्रॅगून गार्ड्स यांनी भाले रोखून हल्ला चढवला. यंत्रतोफांच्या युगातली ती घोडदौड तात्कालिक यशापलीकडे काहीच साधू शकली नाही, आणि ते रान ताब्यात यायला पुढे दोन महिने लागले.

हे ठिकाण पाहण्यासाठी आमियां या शहरात मुक्काम करणे सोयीचे ठरते. पॅरिसहून आमियांला सव्वा तासात पोहोचता येते, तेथील तेराव्या शतकातील कॅथेड्रल जागतिक वारसा असूनही प्रवेश विनामूल्य आहे, आणि तेथून अर्ध्या तासाच्या आत आल्बेर हे रणभूमीलगतचे गाव गाठता येते. आल्बेरहून लाँगव्हाल गावाजवळचे हाय वूड सायकलीच्या टप्प्यात आहे. रान खासगी मालकीचे असल्याने आत न शिरता रस्त्यावरूनच पाहावे.

आणखी उत्तरेला लील शहराच्या नैऋत्येस नव्ह-शापेल येथे भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. हर्बर्ट बेकर यांनी आराखडा केलेले आणि ७ ऑक्टोबर १९२७ रोजी अनावरण झालेले हे वर्तुळाकार स्मारक अशोकस्तंभाच्या धर्तीच्या स्तंभामुळे दुरूनही ओळखू येते. ज्यांना कबर लाभली नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे तेथे कोरलेली आहेत. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी याच गावावर झालेल्या हल्ल्यात खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या, ज्यांचे मूळ काम खंदक खणण्याचे आणि पूल बांधण्याचे होते, पायदळ म्हणून झुंजल्या आणि त्यांची भीषण हानी झाली. पुण्यामुंबईच्या पर्यटकांच्या यादीत हे गाव नसावे, ही खेदाची गोष्ट आहे. लीलला जाताना सप्टेंबरचा पहिला शनिवार-रविवार मात्र टाळावा, कारण तेव्हा भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या प्रचंड बाजारामुळे राहण्याचे दर आकाशाला भिडतात.

मार्सेयविषयी मराठी वाचकाला फार सांगायला नको. ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोटीतून सावरकरांनी याच बंदरात उडी घेतली. सप्टेंबर १९१४ मध्ये भारतीय फौजाही येथेच उतरल्या. माझार्ग येथील युद्धसमाधीस्थळी त्यांची स्मृती जपलेली आहे. पॅरिसहून तेजेव्हेने सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. उन्हाळ्याच्या गर्दीत तेथे स्वस्ताई शोधू नये. मार्च किंवा ऑक्टोबर हे महिने योग्य.

फ्रान्समधील या चार ठिकाणांपैकी एकच निवडायचे झाले तर पहिल्या खेपेस आमियां-आल्बेर निवडावे, कारण पॅरिसपासूनचे अंतर, रेल्वेचा खर्च आणि हैदराबादशी असलेले नाते या तिन्ही कसोट्यांवर ते उजवे ठरते. निघण्यापूर्वी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची नोंदवही आंतरजालावर विनामूल्य उघडून पाहावी. अनेक सैनिकांच्या नोंदीत बापाचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. मराठवाडा, वऱ्हाड किंवा हैदराबाद परिसरातील गाव आढळल्यास त्या नावाचे छायाचित्र काढून ते त्या गावच्या ग्रामपंचायतीकडे किंवा वाचनालयाकडे पाठवावे, अशी तिकडे जाणाऱ्या प्रत्येक तरुणाला विनंती आहे.