आकडा विषाणूचा, प्रश्न यकृताचा

1977 आणि 1978 या दोन वर्षांत आयर्लंडमधल्या शेकडो बाळंतिणींच्या अंगात एक आजार नकळत शिरला. या बायका आरएच निगेटिव्ह रक्तगटाच्या. पुढच्या बाळंतपणात गुंतागुंत होऊ नये म्हणून त्यांना अँटी-डी इंजेक्शन दिलं गेलं, आणि ते ज्या रक्तद्रवापासून बनवलं होतं त्यात हेपटायटिस सीचा विषाणू होता. त्या काळी त्याला कुणी ओळखतही नव्हतं. त्याचा छडा 1989 मध्ये लागला. इंजेक्शनांचं प्रकरण बाहेर यायला तर 1994 साल उजाडलं.

या बायकांवर जे ओढवलं ते भयंकरच होतं. पण त्यांच्या तपासण्यांमधून जी माहिती हाती आली, ती एरवी कुठल्याही संशोधकाला मिळाली नसती. विषाणू एकाच ठिकाणाहून आलेला, लागण साधारण एकाच वेळची, बहुतेकजणी तेव्हा ऐन तारुण्यात. ज्यांच्या रक्तात विषाणू टिकून होता अशा 376 जणींचा अभ्यास 1999 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. लागण होऊन तोवर सरासरी 17 वर्षं झाली होती. 363 जणींच्या यकृताची बायोप्सी झाली. सूज जवळपास सगळ्यांना होती. यकृतात व्रणाचे तंतू, म्हणजे फायब्रोसिस, निम्म्या जणींत दिसला. सिरोसिस मात्र, निश्चित आणि संभाव्य धरून, फक्त 7 जणींना.

विषाणू तोच, मग यकृताची गत इतकी वेगळी का?

हेपटायटिस सीचं निदान झालं की आपल्याकडे रुग्णाच्या हातात पहिल्यांदा येतो तो व्हायरल लोडचा रिपोर्ट. एचसीव्ही आरएनए : 38,40,000 आययू प्रति मिली. ही लाखांतली संख्या बघून घरातल्यांचा धीर सुटतो. काही आठवड्यांनी दुसरा रिपोर्ट 15 लाखांचा आला, तर ‘आजार निम्म्याहून उतरला’ म्हणून सुटकेचा निःश्वास. त्याच रिपोर्टवर बारीक अक्षरात आणखी एक आकडा असतो, लॉगचा, म्हणजे ती संख्या दहाचा कितवा घात आहे ते सांगणारा. तिथे पहिला रिपोर्ट 6.58 आणि दुसरा 6.18. अर्ध्या लॉगपर्यंतचा असा चढउतार उपचाराविनाही होतो आणि त्याला डॉक्टर महत्त्व देत नाहीत. मुळात 38 लाख काय किंवा 15 लाख काय, यकृत किती बिघडलंय हे त्यावरून कळतच नाही.

कारण हा विषाणू यकृताच्या पेशी सहसा स्वतः फोडत नाही. तो त्यांच्यात राहून आपल्या प्रती काढत राहतो. एका रुग्णाच्या शरीरात रोज सुमारे एक लाख कोटी नवे विषाणू तयार होतात आणि रक्तातल्या विषाणूंपैकी निम्मे जेमतेम तीन तासांत नाहीसे होतात. व्हायरल लोड म्हणजे या आवकजावकीची त्या क्षणीची शिल्लक. खरी नासधूस होते ती आपल्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यातून. टी-पेशी विषाणूबाधित पेशींवर तुटून पडतात आणि त्या धुमश्चक्रीत यकृताला सूज येते. एरवी ‘अ’ जीवनसत्त्व साठवून शांत बसलेल्या तारकापेशी त्या सुजेने जाग्या होतात आणि कोलॅजेनचे धागे विणू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे धागे आधी रक्तवाहिन्यांच्या आसपास दिसतात, मग एकमेकांना जोडणारे पूल होतात आणि शेवटी उरलेल्या पेशींभोवती आवळून त्यांच्या गाठी करतात. तोच सिरोसिस.

हे विणकाम किती झपाट्याने होतं ते माणसावर अवलंबून. फ्रान्समधल्या पॉयनार यांच्या गटाने 2,235 रुग्णांच्या बायोप्सी पाहून 1997 मध्ये ते दाखवून दिलं. चाळिशीनंतर झालेली लागण, पुरुष असणं आणि रोजचं 50 ग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल, या तीन गोष्टींनी फायब्रोसिसचा वेग वाढतो. व्हायरल लोडशी संबंध सापडला नाही.

अपवाद आहेत. यकृत प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेल्या काही रुग्णांत विषाणू अफाट माजतो आणि थेट यकृतावर उठतो. विषाणूच्या भारतात सर्रास आढळणाऱ्या तिसऱ्या जीनोटाइपमध्ये, म्हणजे जनुकीय प्रकारात, लोड जास्त असेल तर यकृतात चरबीही जास्त साठते. शिवाय हेपटायटिस बीचं गणित निराळं. तैवानमधल्या 3,653 जणांच्या 2006 सालच्या अभ्यासात बी विषाणूचं प्रमाण जितकं जास्त, तितका यकृताच्या कर्करोगाचा धोका जास्त, हे स्पष्ट दिसलं होतं. बीचा हा नियम लोक सीला लावतात आणि तिथेच गल्लत होते.

सीच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारायला हवं ते फायब्रोसिसबद्दल. वय, एएसटी आणि एएलटी ही रक्तातली यकृताची एन्झाइम्स आणि प्लेटलेट्स एवढ्यावर एफआयबी-4 हा निर्देशांक निघतो. वेगळा खर्च नाही. फायब्रोस्कॅनमध्ये सुई न टोचता यकृताचा कडकपणा मोजतात. 28 जुलै 2018 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर औषधं मोफत मिळतात, आणि कोणती औषधं द्यायची हे सिरोसिस आहे की नाही त्यावरून ठरतं. सिरोसिस नसेल तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविरच्या गोळ्या 12 आठवडे घ्याव्या लागतात.

व्हायरल लोडचं खरं काम दोनदा : आज शरीरात विषाणू आहे का हे सांगणं, आणि गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी तो गेला का हे पाहणं. तेव्हा ‘विषाणू आढळला नाही’ असा रिपोर्ट आला की हेपटायटिस सी बरा झाला. पण सिरोसिस आधीच झालेला असेल, तर कर्करोगाचा धोका कमी होतो, संपत नाही. अशा रुग्णाला दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करावीच लागते.