चुंबकाच्या खोलीतील डोळस यंत्र

शिंप्याची कात्री केसभर चुकली, तर सदऱ्याची शिवण थोडी तिरपी होते. परंतु मेंदूवर चालणारे हत्यार दोन मिलिमीटर सरकले, तर रोग्याची वाचा जाऊ शकते किंवा हात कायमचा लुळा पडू शकतो. यंत्राच्या हाताला जरूर तो अचूकपणा कसा येतो व तो कोठे उणा पडतो, हे आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

एम. आर. आय. यंत्रात मेंदूतील गाठीचे चित्र फार स्पष्ट उमटते. शस्त्रक्रिया चालू असतानाच ते घेता आले, तर गाठ किती उरली हे शल्यविशारदास तत्काळ कळते. परंतु या यंत्राचे चुंबकक्षेत्र बहुधा १.५ किंवा ३ टेस्ला असते. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट! तेथे लोखंडी हत्यार बाणासारखे खेचले जाते व साधी विजेची मोटार निरुपयोगी ठरते. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात डॉ. गार्नेट सदरलँड यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या 'न्यूरोआर्म' या यंत्राने २००८ साली मेंदूतील गाठ काढण्याच्या कामी साहाय्य केले. त्याच्या रचनेत टायटॅनियम व विशेष प्लॅस्टिक वापरले असून, विजेचा दाब देताच किंचित आकार बदलणाऱ्या पदार्थांवर त्याच्या मोटारी चालतात.

आता, अशा खोलीत हत्याराचे टोक कोठे आहे हे कसे ओळखावे? चुंबकावर आधारलेली स्थाननिदर्शक साधने तेथे गोंधळतात. म्हणून प्रकाशाचा आश्रय घेतात. हत्याराला तीन-चार परावर्तक गोळ्या जोडतात व दोन कॅमेरे अवरक्त प्रकाशात त्या टिपतात. कॅमेऱ्यांमधील अंतर ठाऊक असते. दोन कोन मोजले की त्रिकोण सुटतो. १८०२ साली मद्रासजवळ लॅम्बटन यांनी भारताच्या ज्या मोजणीस आरंभ केला, तिचे तत्त्वही हेच होते. चांगल्या साधनाने गोळीचे स्थान मिलिमीटरच्या अंशापर्यंत कळते.

मग चूक शिरते कोठून? एक तर चुंबकामुळे कॅमेरे दूर ठेवावे लागतात. त्रिकोण लांबट होतो आणि कोनातील अल्प चूक अंतरात मोठी होते. दुसरे, गोळ्या टोकावर नसतात. टोक गोळ्यांपासून २० सेंटिमीटर दूर असेल, तर अर्ध्या अंशाच्या चुकीने ते पावणेदोन मिलिमीटर ढळते. तिसरे, मध्ये कोणाचा हात आला की कॅमेरा आंधळा होतो. चौथे कारण सर्वांत सूक्ष्म आहे: कवटी उघडल्यावर द्रव निघून जातो व मेंदू स्वतःच थोडा खचतो. हत्याराचे मोजमाप बरोबर असूनही जुने चित्र खोटे ठरते. शस्त्रक्रियेच्या मध्येच नवे चित्र घेण्याचे महत्त्व यातच आहे.

म्हणूनच, ज्याच्यावरील खुणांच्या जागा आधीच ठाऊक आहेत अशा नमुन्यावर यंत्राची परीक्षा घेतात व त्याची चूक मोजून ठेवतात. आमच्या मते यातील बोध प्रयोगशाळेपुरता नाही. आपली चूक किती होऊ शकते हे ज्याला नेमके ठाऊक आहे, त्याच्याच हाती सुरी द्यावी.